पंपिंग पंचवीसवरून वर नेताना

फाइल उघडली की सगळ्यात वर टूडी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, कागद असतो आणि त्यातल्या एका आकड्याभोवती कुणीतरी पेनानं गोल काढलेला असतो: ईएफ, म्हणजे भरलेल्या रक्तापैकी हृदय एका ठोक्यात बाहेर टाकतं तो वाटा, २५ टक्के. घरी तोवर ‘हार्ट पंचवीस टक्केच चालतंय, बाकीचं बंद पडलंय’ असा हिशेब झालेला असतो. नाशिकमधल्या आमच्या हार्ट फेल्युअर ओपीडीची सुरुवात बहुतेक वेळा हा हिशेब मोडण्यापासून होते. निरोगी हृदयही आत भरलेलं सगळं रक्त एका ठोक्यात बाहेर टाकत नाही, साधारण ५५ ते ७० टक्के टाकतं. म्हणजे पंचवीसची तुलना शंभराशी करायची नाही, साठाशी करायची. शिवाय हा आकडा कुणी नजरेच्या अंदाजानं लिहिलेला असतो, कुणी कप्प्याच्या कडा आखून मोजलेला. दोन चांगल्या हातांनी एकाच दिवशी केलेल्या इकोतही पाच-सात टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून पहिला इको कॉलेज रोडला आणि दुसरा नाशिकरोडला असं करू नये. शक्यतो तेच मशीन, तोच हात. २५ चे ३० झाले म्हणून पेढे आणू नयेत आणि ३० चे २७ झाले म्हणून जेवण टाकू नये.

ईएफ का घसरला हे आधी शोधावं लागतं, कारण काही कारणं दूर केली की हृदय बरंचसं आपणहून सावरतं. अँजिओग्राफी होते, थायरॉइडसाठी टीएसएच पाहिलं जातं. नाडी आठवडेच्या आठवडे १३०-१४० नं धावत असेल तर आधी ती आवरायची. नुसत्या वेगानं दमलेलं हृदय वेग उतरल्यावर पुष्कळ भरून येतं. २४ तासांचा होल्टर, म्हणजे ठोके नोंदवणारं अंगावरचं यंत्र, लावतो त्यामागचं गणित सोपं आहे: हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देतं, त्यातले दहा हजारांहून जास्त ठोके खालच्या कप्प्यातून अवेळी उठत असतील तर दुखण्याचं मूळ तिथंच असू शकतं, आणि ती जागा कॅथेटरनं जाळता येते. बाळंतपणानंतर दम लागणारी बाई ‘अशक्तपणा’ म्हणून टॉनिकवर ठेवलेली सापडते. तिचा इको लवकर झाला पाहिजे, कारण या प्रकारात सहा महिन्यांत हृदय पूर्ववत होण्याची शक्यता चांगली असते. पुढच्या बाळाचा विचार मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पूर्वी केमोथेरपी झाली आहे का, हे विचारतो. दारूचं घरच्यांना बाहेर बसवून विचारावं लागतं, आणि नाशिकमध्ये त्याला एक पुरवणी प्रश्न जोडावा लागतो: वाइन? ‘ती तर हार्टला चांगली ना’ हे उत्तर इथं हमखास येतं. दारूनं खालावलेल्या हृदयाला द्राक्षाची आणि मोहाची असा भेद कळत नाही. सोडायची म्हणजे पूर्ण.

मग पाणी. पाय सुजलेले, तीन उशांशिवाय झोप नाही, पोट तट्ट: अशा अवस्थेत आधी अंगातलं जादा पाणी काढायचं. त्यासाठी पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवणारी: फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम आणि टॉर्सेमाइड २० मिलिग्रॅम यांचा जोर साधारण सारखा. ‘गोळी दुप्पट केली तरी लघवी होत नाही’ ही तक्रार आली की लोकांना किडनीची भीती वाटते. पण अनेकदा आतडीच सुजलेली असतात आणि गोळी शोषलीच जात नाही. मग औषध शिरेतून द्यावं लागतं. इंजेक्शननंतर पहिल्या सहा तासांत ताशी १०० मिलिलिटरही लघवी होत नसेल तर पुढचा डोस दुप्पट करतात, तोच परत देऊन वाट बघत बसत नाहीत. घरी फ्युरोसेमाइडच्या गोळीचा जोर सुमारे सहा तास राहतो. सकाळी सातला पहिली, दुसरी असेल तर दुपारी दोनच्या आत. संध्याकाळी घेतली की रात्रभर उठबस. पेठ-सुरगाण्याहून एसटीनं येणारी माणसं ओपीडीच्या दिवशी ती घेतच नाहीत, आणि त्यांना बोल लावता येत नाही, कारण घाटात गाडी कुठे थांबवणार! फक्त तसं सांगावं, नाहीतर त्या दिवशीचं वजन आणि बीपी बघून डोस चुकीचा ठरतो. आणि घरी पोचल्यावर घ्यावी, बुडवू नये.

पाणी उतरलं, दम थांबला की माणसाला बरं झाल्यासारखं वाटतं आणि खरी अडचण इथं सुरू होते. पाण्याच्या गोळीनं आराम पडतो, पण हृदय सुधारत नाही. सुधारण्याचं काम चार औषधांचं: सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, तीनपैकी एक बीटा-ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉल सक्सिनेट, बिसोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. शेवटची जोडी मूळची मधुमेहाची, त्यामुळे ‘मला शुगर नाही, मग शुगरची गोळी का’ असा फोन येतोच. २०१९ च्या डापा-एचएफ चाचणीत मधुमेह नसलेल्यांनाही फायदा झाला, म्हणून.

यांतली एकही ‘पंपिंग वाढवायची गोळी’ नाही, हे समजावायला सगळ्यात जास्त वेळ जातो. हृदय कमी पडू लागलं की शरीर अ‍ॅड्रिनलिनच्या जातीची रसायनं सोडतं, मीठ-पाणी धरून ठेवतं, रक्तवाहिन्या आवळतं. अपघातात रक्त गेलं असेल तर हीच युक्ती जीव वाचवते. महिनोन्‌महिने चालू राहिली की हृदयाचा लांबट आकार फुगून गोल होतो, भिंती ताणल्या जातात, झडप गळू लागते. ही चार औषधं तो रेटा चार वेगवेगळ्या ठिकाणी कमी करतात आणि मग हृदय महिन्या-महिन्यानं आकारात येतं. बीटा-ब्लॉकर तर पंपिंगचा जोर कमी करणारी गोळी. कमजोर हृदयाला ती देऊ नये असंच एके काळी शिकवलं जाई. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फिन वागस्टीन यांनी १९७५ साली उलटा अनुभव मांडला, आणि तो सर्वत्र मान्य व्हायला १९९९ च्या मोठ्या चाचण्यांपर्यंत वाट पाहावी लागली. त्यामुळे ही गोळी सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन आठवडे जरा जास्त थकवा वाटला तर तो अपेक्षित असतो.

डोसची शिडी अशी. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मग १००, मग २००. मेटोप्रोलॉल सक्सिनेट २५, ५०, १००, २०० दिवसातून एकदा. फार नाजूक प्रकृतीला साडेबारापासून. कार्व्हेडिलॉल ३.१२५ पासून दुप्पट-दुप्पट करत २५ पर्यंत, दोनदा. स्पायरोनोलॅक्टोन २५, जमल्यास ५०. डापा किंवा एम्पा सुरुवातीपासून १०. तिथं शिडीच नाही. पूर्वी एक औषध वरच्या डोसला पोचलं की दुसरं सुरू करत, त्यात सहा-आठ महिने सहज जात. आता चारही लहान डोसमध्ये पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होतात. २०२२ च्या स्ट्राँग-एचएफ चाचणीत डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत पूर्ण डोस गाठायचं धोरण होतं, सोबत वारंवार तपासणी. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती होण्याचं प्रमाण २३.३ वरून १५.२ टक्क्यांवर आलं. आमच्याकडे इतका वेग सगळ्यांना झेपत नाही, रक्ततपासणीला दर आठवड्याला निफाडहून किंवा सिन्नरहून येणं कठीण, म्हणून बहुतेकांची पायरी दोन आठवड्यांची असते. एका भेटीत बीपी उतरवणाऱ्या दोन गोळ्या एकदम वाढवत नाही. चक्कर आली तर कुणामुळे आली ते कळलं पाहिजे. बीटा-ब्लॉकर फक्त फुप्फुसं कोरडी असतानाच वाढवायचा.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे पहिल्या पायरीवर थांबणं. ‘चारही गोळ्या चालू आहेत’ असं अभिमानानं सांगितलं जातं आणि स्ट्रिप पाहावी तर दोन वर्षं तोच ५० चा डोस, तेच मेटोप्रोलॉल २५. चाचण्यांमधला फायदा मोठ्या डोसच्या ध्येयानं मिळालेला आहे. ज्याला बीपीमुळे वर जाता येत नाही त्याची गोष्ट वेगळी. कुणी विचारलंच नाही म्हणून खाली राहिलेले जास्त.

चुका कुठे होतात ते लक्षात राहावं म्हणून आम्ही घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगतो. नवीन सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन सुरू आणि जुन्या डब्यातलं टेल्मिसार्टनही सुरू, हे वारंवार दिसतं. दोन्ही एकाच जातीचं काम करतात, बीपी कोसळतं. जुनी गोळी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल असेल तर तिच्या शेवटच्या डोसनंतर ३६ तास जाऊ द्यावे लागतात, नाहीतर ओठ, जीभ, घसा सुजून जीवावर बेतू शकतं. केमिस्टकडे सक्सिनेट नसलं की ‘हेच आहे’ म्हणून मेटोप्रोलॉल टार्ट्रेट हातात पडतं. नाव सारखं, पण ते दिवसभर सावकाश झिरपणारं नाही, आणि हार्ट फेल्युअरमध्ये सिद्ध झालेलं सक्सिनेटच. सक्सिनेटची गोळी रेघेवर अर्धी करता येते, कुटून नाही. द्राक्षछाटणीच्या दिवसांत कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन गावोगाव मिळतं. ते पाणी धरून ठेवतं, किडनीवर ताण आणतं, आणि तीन महिन्यांची चढाई आठवड्यात खाली आणतं. दुखलं तर पॅरासिटामॉल. मधुमेहाच्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन आहे का, तेही पिशवीत शोधतो. तिनं सूज वाढते.

बीपीचा घोळ घरोघर आहे. मशीनवर ९५ दिसलं की मुलगा रात्रीची गोळी स्वतःच थांबवतो. आम्ही विचारतो: उभं राहिल्यावर अंधारी येते का? नसेल तर ९५ हा आकडा या आजारात चालतो, गोळी चालू. अंधारी येत असेल तर आधी ज्यांचा हृदयाला उपयोग नाही त्या बीपी उतरवणाऱ्या गोळ्या काढायच्या, उदाहरणार्थ अ‍ॅम्लोडिपिन. मग अंग कोरडं असेल तर पाण्याची गोळी कमी. मग वेळा लांबवायच्या, दोन औषधं एकाच चहाबरोबर नकोत. चार मुख्य औषधांना हात सगळ्यात शेवटी. नाडी पन्नासच्या खाली गेली तर मात्र बीटा-ब्लॉकर कमी करावा लागतो.

या औषधांवर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, थोडं चढतंच. १.२ चं १.५ झालं म्हणून ‘किडनी फेल’ म्हणत सगळं बंद करणारे भेटतात. मूळ आकड्याच्या ५० टक्क्यांपर्यंतची वाढ, तीही ३ च्या आत, आणि पोटॅशियम ५.५ च्या आत असेल तर औषधं चालू ठेवता येतात. स्पायरोनोलॅक्टोन सुरू केल्यावर एका आठवड्यानं आणि चार आठवड्यांनी पोटॅशियम पाहायचंच. ५.५ च्या पुढे गेलं तर डोस निम्मा, ६ च्या पुढे बंद आणि लगेच दवाखाना. इथं एक फसगत असते: रक्त सुईतून जोरात ओढलं किंवा नमुना तासन्‌तास पडून राहिला तर पेशी फुटून पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. ६.१ चा रिपोर्ट आला की त्याच दिवशी ईसीजी आणि पुन्हा ताजा नमुना. आणि किराणा दुकानातलं ‘लो सोडियम’ मीठ: त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. स्पायरोनोलॅक्टोनवर असलेल्या माणसाला घरच्यांनी प्रेमानं तेच आणलेलं असतं. त्यापेक्षा साधं मीठ, कमी. पुरुषांत स्पायरोनोलॅक्टोननं छाती दुखरी होऊन फुगते. लाजून कुणी बोलत नाही, गोळी गुपचूप बंद होते. एप्लेरेनोनवर बदललं की प्रश्न मिटतो.

वहीत रोज एकच नोंद पुरते. सकाळी लघवी-शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, तेवढ्याच कपड्यांत, फरशीवर ठेवलेल्या त्याच काट्यावर वजन. सतरंजीवर काटा ठेवला की एक किलो इकडे-तिकडे. तीन दिवसांत दोन किलो वाढ म्हणजे पाणी. तेव्हाच फोन करायचा, पाय सुजेपर्यंत थांबायचं नाही. मिठाचं म्हणाल तर दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, आणि त्यात भाजी-आमटीपासून पोळीपर्यंत सगळं आलं. सैंधवातही सोडियमच असतं. नाशिकचा खरा शत्रू रविवारची मिसळ. रस्सा, फरसाण, वर पापड, आणि रस्सा पुन्हा. सोमवारच्या वहीत ती दिसतेच. हवीच असेल तर घरी मटकी मोडाची, फरसाण मूठभरही नाही, रस्सा एकदाच. शेव-चिवड्याचा डबा समोरून उचलून ठेवावा. पित्त झालं म्हणून प्यायलेल्या फसफसत्या सोड्यातही सोडियम असतं, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. पाण्याच्या बाबतीत आम्ही पूर्वी फार कडक होतो, दीड लिटरच्या वर घोट नाही. २०२५ मध्ये आलेल्या फ्रेश-अप चाचणीनंतर स्थिर रुग्णांना तहानेपुरतं पाणी प्यायला सांगतो. तहान मोजत बसणं हीच मोठी शिक्षा होती.

ऋतू बदलला की डोस बदलतो, हे पुस्तकापेक्षा ओपीडीतच जास्त कळतं. एप्रिल-मेमध्ये घाम जातो, तीच पाण्याची गोळी जास्त होते, उठताना गरगरतं. तेव्हा ती निम्मी करावी लागते. डिसेंबरात निफाडचा पारा उतरला की रक्तवाहिन्या आवळतात, बीपी आणि वजन दोन्ही चढतात. ऑक्टोबरच्या छाटणीत द्राक्षवाले भेट चुकवतात, आणि शिडीची एक पायरी तिथंच राहते. उलट्या-जुलाब, ताप, निर्जळी उपवास असेल त्या दिवशी डापा किंवा एम्पा थांबवायची, खाणं-पिणं सुरळीत झालं की पुन्हा सुरू. ऑपरेशन ठरलं असेल तर तीन दिवस आधी थांबवायची. या गोळीवर लघवीतून साखर जाते, त्यामुळे जननेंद्रियाला खाज येऊ शकते. लघवीनंतर पाण्यानं धुणं आणि कोरडं पुसणं एवढ्यानं बहुतेकदा टळतं.

चार औषधांखेरीज दोन गोष्टी बघायच्या राहून जातात. एक लोह. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन (लोहाचा साठा) १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहून नेलं जाणारं लोह) २० टक्क्यांच्या खाली असेल तर शिरेतून लोह दिलं की चालण्याची ताकद सुधारते. लोहाच्या गोळ्या इथं चालत नाहीत, २०१७ च्या चाचणीत ते दिसलं. दुसरी गोष्ट नाडी: बीटा-ब्लॉकर शक्य तितका चढवूनही नियमित ठोक्यांची नाडी ७० च्या वर राहत असेल तर नाडी उतरवणारं आयव्हाब्रॅडिन.

चालायला घाबरू नये. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी सपाटीवर, सुरुवातीला पाच-दहा मिनिटं, दर आठवड्याला थोडी वाढ, बोलत-बोलत चालता येईल एवढाच वेग. वाक्य तुटायला लागलं की कमी करा. पांडवलेण्यांच्या पायऱ्या पहिले तीन महिने नाहीत. सप्तशृंगीला जायचंच असेल तर ट्रॉलीनं. तिसऱ्या श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी तर डोस चढत असताना बिलकूल नको, कितीही वर्षांचा नेम असला तरी.

पूर्ण डोस गाठल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा इको. आधी केलेला इको बहुतेकदा फुकट जातो, कारण हृदयाचा आकार आठवड्यात बदलत नाही. मधल्या काळात प्रगती पाहायची तर एनटी-प्रोबीएनपी, ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी. साधं बीएनपी नको, सॅक्युबिट्रिलमुळे ते आपोआप वाढतं आणि घाबरवतं. तीन महिन्यांनंतरही ईएफ ३५ च्या वर आला नाही तर यंत्रांचा विचार होतो. ईसीजीत डाव्या बाजूचा बंडल ब्लॉक (तिकडे वीजसंदेश उशिरा पोचणं) असून क्यूआरएस (खालच्या कप्प्यांच्या लहरीची रुंदी) १५० मिलिसेकंद किंवा जास्त असेल तर हृदयाच्या दोन भिंती मागे-पुढे आकुंचन पावत असतात. सीआरटी पेसमेकर तिसऱ्या तारेनं त्यांना एकत्र आणतो आणि अशा निवडक रुग्णांत ईएफ चांगला वाढतो. आयसीडीचं तसं नाही. तो जीवघेणा ठोका ओळखून झटका देतो, पंपिंग वाढवत नाही. पैसे भरण्याआधी हे घरच्यांना स्पष्ट माहीत असावं. महात्मा फुले जनआरोग्य योजना दाखल रुग्णांच्या उपचारांना कामी येते, महिन्याच्या गोळ्यांना नाही. तरी २०२३ पासून सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनच्या अनेक कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत खूप उतरली, नाहीतर दुसऱ्या पायरीवर पैशांमुळे थांबणारे पुष्कळ होते.

आणि समजा ईएफ २५ चा ५२ झाला. कागद हातात घेऊन येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: आता कोणती गोळी बंद? लंडनच्या ट्रेड-एचएफ चाचणीत अशाच सुधारलेल्या ५१ जणांना घेतलं होतं, सगळे डायलेटेड कार्डिओमायोपॅथीचे, म्हणजे हृदय फुगून कमजोर झालेले, ईएफ ५० च्या वर, लक्षणं शून्य. निम्म्यांची औषधं टप्प्याटप्प्यानं काढली. सहा महिन्यांत त्यातल्या ४४ टक्क्यांचं हृदय पुन्हा घसरलं. चालू ठेवलेल्यांत एकाचंही नाही. म्हणून फाइलवर आम्ही ‘बरा झाला’ लिहीत नाही, ‘सुधारलेला ईएफ’ लिहितो, आणि चार औषधं आहेत त्याच डोसवर ठेवतो. वेगानं दमलेलं हृदय, थायरॉइड, बाळंतपण अशा, कारण कायमचं गेलेल्या ठिकाणी वेगळा विचार होऊ शकतो, तोही डॉक्टरांनी, दर काही महिन्यांनी इको करत.

कमी करण्याजोगी एकच: पाण्याची गोळी. ४० ची २०, दोन आठवडे वहीतलं वजन हललं नाही तर दिवसाआड, मग बंद. स्ट्रिप घरात ठेवायची. तीन दिवसांत दोन किलो दिसले की फोन करून पुन्हा सुरू. पुढचा इको सहा महिन्यांनी, त्याच मशीनवर.